अन्नाच्या ऋणाची कबुली

मनुष्य काय खातो यावरून त्याची जात, पंथ आणि प्रदेश ओळखण्याची सवय आपल्या समाजात फार जुनी आहे. परंतु तो जे खातो किंवा वर्ज्य करतो त्याचे समर्थन कोणत्या युक्तिवादाने करतो, हे पाहण्याची सवय आपण क्वचितच लावून घेतो. वस्तुतः माणसाच्या नीतीचा कस त्याच्या पानातील पदार्थावर लागतो त्यापेक्षा या युक्तिवादावर अधिक लागतो. न्यायालयात नित्य वावरणाऱ्याला हे चटकन पटते. कारण तेथे नियम मोडणारा मनुष्य 'मी नियम मोडला' असे सहसा म्हणत नाही. 'नियमाचा अर्थ तुम्ही समजता तसा नाही' असेच तो म्हणतो.

अन्नाच्या नियमांबाबत हा प्रश्न तपासावयाचा तर आपल्याच स्वयंपाकघरातील उदाहरण घेणे सोयीचे नाही. तेथे प्रत्येकाच्या मनात आजीची शिकवण, कुळाचार आणि शेजाऱ्याविषयीची कुजबुज आधीच उभी असते. म्हणून मी एक दूरचे उदाहरण घेतो. ते जपानी घरातील अंड्याचे आहे. ज्या देशाने एके काळी अंडे खाणे पाप मानले, आणि जो देश आज दरडोई वर्षाला तीनशेहून अधिक अंडी खाऊन जगातील अग्रगण्य अंडेभक्षकांत मोडतो, त्या देशाचा हा प्रवास नीतिविचाराच्या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. शिवराक घरातील वाचकांनीही तो वाचावा, अशी माझी विनंती आहे. येथे कोणास काय खावे हे सांगावयाचे नाही. खाण्याविषयी आपण बोलतो कसे, एवढेच पाहावयाचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जपानी गृहिणीच्या रोजच्या रांधपात अंडे हे आपल्याकडील डाळीइतके साधे आहे. सकाळी वाफाळलेल्या भातावर कच्चे अंडे फोडून, त्यावर शोयू नावाचा सोयाबीन आंबवून केलेला काळा खारट रस घालून, तो भात कालवून खाणे ही तेथील सर्वसामान्य न्याहारी आहे. अंड्यांच्या वेष्टनावर जी तारीख छापतात ती कच्चे खाण्याची मुदत म्हणून छापतात, यावरूनच या प्रथेचा प्रसार ध्यानी यावा. मुलांच्या शाळेच्या डब्यात तामागोयाकी असते. चौकोनी तव्यावर फेटलेल्या अंड्याचा पातळ थर ओतावयाचा, तो अर्धवट थिजताच गुंडाळावयाचा, गुंडाळी किंचित उचलून तिच्याखाली दुसरा थर सोडावयाचा, आणि असे करीत पुस्तकाच्या पानांसारखे पदर जमवावयाचे, ही तिची रीत. तोक्यो भागात ती साखर घालून गोड करतात. क्योतो-ओसाका भागात तीत 'दाशी' मिसळतात. दाशी म्हणजे समुद्रातील कोंबू नावाचे शेवाळ आणि वाळवलेल्या माशाचा कीस यांचा निवळ कढण. हाच कढण अंड्याच्या तिप्पट घेऊन, पेल्यात मंद वाफेवर थिजविला की चावानमुशी होते. आच जरा वाढली तर तिला जाळी पडते, म्हणून सुगरणीची परीक्षा तीवर होते. आजाऱ्याला भाताच्या पेजेत अंडे सोडून देतात. उन्हाळ्यांच्या गरम पाण्यात सुमारे ७० अंशांवर अर्धा तास ठेवलेल्या अंड्याचा बलक धरतो आणि पांढरा भाग मात्र दह्यासारखा सैल राहतो, हेही तेथील लोकांनी अनुभवाने शोधून काढले. एवढ्याशा वस्तूभोवती किती काळजी आणि किती माया गुंफली जाऊ शकते, हे पाहून मन प्रसन्न होते.

आता इतिहास पाहू. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मू याने एक आज्ञा काढली. वर्षाच्या चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्याअखेर गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी या पाच प्राण्यांचे मांस कोणी खाऊ नये, असे तीत होते. बौद्ध धर्माची करुणा तिच्यामागे होती आणि शेतीच्या हंगामात कामाची जनावरे वाचावीत हाही हेतू असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. या यादीत हरिण नाही, डुक्कर नाही, मासा नाही. आणि अंडेही नाही.

आपल्या मीमांसकांनी अशा यादीचा विचार फार बारकाईने केला आहे. पाच नखांच्या पाच प्राण्यांचे भक्षण करावे, असे वचन त्यांच्यापुढे होते. वरवर पाहता ही परवानगी वाटते. पण मीमांसकांनी ठरविले की हिचे तात्पर्य निषेधात आहे: या पाचांवाचून इतर पंचनखी प्राणी खाऊ नयेत. यासच ते परिसंख्या म्हणतात. हीच रीत उलट्या बाजूने लावली, तर तेन्मूच्या आज्ञेत पाच प्राणी नावानिशी वर्ज्य असल्यामुळे बाकीचे मोकळे, असा निकाल कोणीही वकील देईल. आणि हरिण व डुक्कर यांच्या बाबतीत तसेच घडले.

अंड्याच्या बाबतीत मात्र लोकांनी वकिलाचे ऐकले नाही. नवव्या शतकाच्या आरंभी नारा येथील याकुशिजी मठाच्या क्योकाई नावाच्या भिक्षूने पापपुण्याच्या कथांचा जो संग्रह केला, त्यात पक्ष्यांची अंडी नेहमी उकडून खाणाऱ्या एका तरुणाची कथा आहे. एक अनोळखी शिपाई त्याला बोलावून नेतो आणि उभ्या पिकाच्या शेतात ढकलतो. इतरांना तेथे फक्त हिरवे शेत दिसते; त्या तरुणाला सभोवार ज्वाळा दिसतात. तो धावत सुटतो, त्याचे पाय हाडापर्यंत भाजतात आणि दुसऱ्या दिवशी तो मरतो. राजाज्ञेत अंड्याचे नावही नव्हते. लोकमानसाने मात्र ओळखले की कोंबडी वर्ज्य करणाऱ्या नियमाच्या पोटात तिचे अंडे येतेच. आपल्याकडे दृष्टान्त देतात तो असा: दही उन्हात ठेवून आई मुलाला सांगते, कावळ्यांपासून ते राख. कुत्रे आले तर 'आईने कावळा म्हटले होते' असे म्हणून मुलाने स्वस्थ बसावयाचे काय? राखावयाचे दही आहे. कावळा केवळ उदाहरणादाखल आहे. जपानी शेतकऱ्याने हा न्याय न शिकता पाळला.

या काळाची साक्ष आपल्या भूमीशीही जोडलेली आहे. १५४९ च्या एप्रिलात फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघाला आणि १५ ऑगस्टला जपानच्या कागोशिमा बंदरात उतरला. नोव्हेंबरात त्याने गोव्यातील आपल्या बांधवांना जे पत्र लिहिले, त्यात जपानी लोकांच्या आहाराचे वर्णन आहे: हे लोक जे प्राणी पाळतात ते मारून खात नाहीत, भात, भाजी आणि कधीमधी मासे यांवर राहतात आणि तरीही धडधाकट असतात. आपण ज्याला दाणा घातला त्याच्या गळ्यावर सुरी चालवू नये, हा नियम त्या परक्या धर्मोपदेशकाच्या नजरेत भरावा, ही गोष्ट लक्षणीय आहे. पुढे पोर्तुगीज तारवांतूनच साखर-अंड्यांचे पदार्थ जपानात गेले. कास्तेरा नावाचा केक आणि साखरेच्या पाकात सोडलेले पिवळ्या बलकाचे धागे आजही तेथे विकले जातात. गोव्यातील ख्रिस्ती घरांत बलक आणि नारळाचा रस यांच्या थरांची बेबिंका होते; तिचे हे नागासाकीकडील दूरचे भावंड म्हणावे.

हळूहळू नियम सैल झाला. १६४३ च्या एका पाकग्रंथात अंड्याच्या कृती आहेत, आणि १७८५ च्या एका ग्रंथात तर त्या शंभराहून अधिक आहेत. त्यांतील एका चमत्कृतीत पांढरा भाग आत जातो आणि बलक बाहेर येतो! एका नियमाची अशीच आतली बाजू बाहेर आली होती, असे म्हणण्याचा मोह होतो. कोंबडा नसता घातलेले अंडे उबत नाही, म्हणून ते खाण्यात जीवहत्या नाही, हा युक्तिवाद या काळात रूढ झाल्याचे सांगतात. मांसाच्या बाबतीत तर शब्दांचीच मदत घेतली गेली. रानडुकराला 'डोंगरातला देवमासा' म्हटले की ते मासळीत जमा होई. सशाची गणती पक्ष्यांच्या संख्यावाचक शब्दाने करीत. १८७२ च्या जानेवारीत स्वतः सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, तेव्हा बारा शतकांच्या संकोचावर पडदा पडला.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. 'डोंगरातला देवमासा' म्हणून डुक्कर खाणारा आणि 'उबत नाही' म्हणून अंडे खाणारा, हे दोघे एकाच पंक्तीचे काय? माझ्या मते नाहीत. पहिल्याने वस्तू तीच ठेवून नाव बदलले. दुसऱ्याने नियमाच्या हेतूला हात घालून विचारले: हेतू जीवदया असेल आणि येथे जीव नसेल, तर नियम येथे लागू होतो काय? पहिला प्रकार कपटाचा आहे, दुसरा अर्थनिर्णयाचा. विल्यम पेली या इंग्रज नीतिशास्त्रज्ञाने १७८५ मध्येच, म्हणजे त्या अंडेग्रंथाच्याच वर्षी, एक दाखला दिला आहे. तैमूरने एका किल्ल्यातील शिबंदीला वचन दिले की शरण आलात तर रक्त सांडणार नाही. शिबंदी शरण आली आणि त्याने तिला जिवंत पुरले. शब्द पाळला गेला, वचन मोडले. पेलीचा निष्कर्ष असा की, वचन घेणारा ते कोणत्या अर्थाने समजत आहे अशी वचन देणाऱ्याची त्या वेळी समजूत असते, तोच वचनाचा अर्थ.

याच कसोटीवर आपल्यातील एका बॅरिस्टरने नेमका अंड्याचाच प्रश्न सोडविला आहे. १८८८ साली विलायतेस जाण्यापूर्वी गांधीजींनी आईजवळ मांस न खाण्याची शपथ घेतली होती. लंडनमध्ये कोणी त्यांना पटविले की अंडे म्हणजे मांस नव्हे. अंडे खाण्यात कोणा जिवाला इजा होत नाही. काही दिवस त्यांनी अंडी खाल्लीही. मग त्यांच्या ध्यानी आले की शपथ देणारी आई अंड्याला मांसातच धरीत होती. म्हणून शपथेचा अर्थ तिचाच. त्यांनी अंडी सोडली. पण गोष्ट येथे संपत नाही. १९४२ साली आगाखान महालात स्थानबद्ध असताना आरोग्यावर लिहिताना त्याच गांधीजींनी म्हटले आहे की, ज्याला दूध चालते त्याला निर्जीव अंड्याविषयी आक्षेप असू नये. या दोहोंत विसंगती नाही. पहिला प्रश्न दिलेल्या शब्दाचा होता, दुसरा वस्तूच्या स्वरूपाचा. जो शब्द दिला तो पाळावयाचा. आणि शब्द पाळीत असतानाही वस्तूविषयी खोटे बोलावयाचे नाही. आपल्या किनाऱ्यावरील कित्येक जुन्या घरांत मासळीला मज्जाव नसे, पण कोंबडी आणि तिचे अंडे चुलीपाशी येत नसे. सोमवारी, एकादशीला, श्रावणात मासळीही बंद. त्यात तर्काची संगती कमी असेल, परंतु दिलेल्या शब्दाची निष्ठा आहे; आणि तर्क लढवून निष्ठा मोडणाऱ्यापेक्षा असा मनुष्य मला अधिक विश्वासार्ह वाटतो. मात्र त्याने शेजाऱ्याच्या अंड्यावर नीतीचा निकाल देऊ नये. कारण निष्ठा हा स्वतःचा करार आहे. त्रयस्थावर तो बंधनकारक नाही.

आता 'निर्जीव अंडे' या युक्तिवादाची उलटतपासणी केली पाहिजे. अंड्यात जीव नाही हे खरे. परंतु अंडे आकाशातून पडत नाही. आपल्या अरण्यांतील रानकोंबडी वर्षाकाठी जेमतेम दहा-पंधरा अंडी घालते. तिच्याच वंशातील आजची व्यापारी कोंबडी सुमारे तीनशे घालते. जपानात अशा कोंबड्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक तारेच्या अरुंद पिंजऱ्यांत राहतात. शिवाय अंडी घालणाऱ्या वाणाचा नर कोणाच्याच उपयोगी नाही. १९२० च्या दशकात मासुई कियोशी आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी एक दिवसाच्या पिलाचे लिंग ओळखण्याची पद्धत बसविली आणि ती जगभर पसरली. तेव्हापासून नर पिले जन्मदिवशीच वेगळी काढून मारली जातात. जगात दरवर्षी अशी अब्जावधी पिले मरतात. जर्मनीने २०२२ पासून कायद्याने ही हत्या बंद केली आहे. २०२२-२३ च्या हिवाळ्यात पक्ष्यांच्या तापाची साथ आली, तेव्हा एकट्या जपानात सुमारे १ कोटी ७७ लाख कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या. अनेक दशके भाव न वाढल्यामुळे ज्या अंड्याला तेथे 'भावांच्या वर्गातील हुशार विद्यार्थी' म्हणत, त्याचा भाव तेव्हा कडाडला. तो स्वस्त का होता, हा प्रश्न त्या निमित्ताने तरी विचारला जावयास हवा होता. अंड्यात जीव नाही, पण अंड्यामागे जीव आहेत. वकिलाच्या भाषेत सांगावयाचे तर, मालाचा कबजा निर्दोष असला म्हणजे मालकीची साखळी निर्दोष असतेच असे नाही.

हा युक्तिवाद येथेच थांबविता आला असता तर शिवराक वाचकाला बरे वाटले असते. पण प्रामाणिक उलटतपासणी दोन्ही पक्षांची होते. आपल्या अभिषेकाच्या दुधामागे वासरू आहे, आणि नर वासराचे पुढे काय होते हे ट्रॅक्टरच्या युगात कोणी फारसे विचारीत नाही. कोंबडीचा नर आणि गायीचा नर यांचे गाऱ्हाणे एकच आहे. स्मृतिकारांना हे सत्य अपरिचित नव्हते. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचे भांडे ही गृहस्थाची पाच हिंसास्थाने होत, असे त्यांनी सांगून ठेवले आहे आणि त्यांच्या प्रायश्चित्तासाठीच पंचमहायज्ञ नेमले आहेत. म्हणजे ज्या घरात मांस कधी शिजले नाही, त्या घरालाही शास्त्राने निष्पाप ठरविलेले नाही. पूर्णपणे स्वच्छ हातांनी जेवणारा मनुष्य शास्त्राच्या कल्पनेत नाहीच.

मग करावयाचे काय? येथे जपानी घराकडे पुन्हा वळतो. कारण तेथे दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, नावाचा प्रामाणिकपणा. कोंबडीचे तुकडे दाशी आणि शोयूमध्ये शिजवून, त्यावर अंडे ओतून, ते भातावर वाढतात. १८९१ मध्ये तोक्योतील एका जुन्या उपाहारगृहात हा पदार्थ निघाला असे म्हणतात. त्याचे नाव ओयाकोदोन, म्हणजे 'माय-लेकरांचा वाडगा'. कोंबडीऐवजी दुसऱ्या प्राण्याचे मांस घातले तर त्याचे नाव 'परक्यांचा वाडगा'. हे नाव ऐकून आपल्या अंगावर काटा येतो. यहुद्यांच्या धर्मशास्त्रात घरट्यातील अंडी घेताना पक्षिणीला सोडून द्यावे असा नियम आहे; माय आणि लेकरू एकदम घेऊ नये ही जाणीव माणसात खोल आहे. तरीही विचारान्ती मला या नावात एक कठोर सत्य दिसते. 'डोंगरातला देवमासा' हे नाव वस्तू झाकते. 'माय-लेकरांचा वाडगा' हे नाव ती उघडी करते. ज्याला ते नाव सोसवत नाही त्याने तो पदार्थ टाळावा. पण नाव सौम्य करून पदार्थ खाऊ नये.

दुसरी गोष्ट, जेवणापूर्वीचा शब्द. जपानी कुटुंब हात जोडून 'इतादाकिमासु' म्हणते. 'मी नम्रपणे स्वीकारतो' हा त्याचा अर्थ. आणि त्याच्या मुळाशी मिळालेली वस्तू मस्तकाला लावण्याची क्रिया आहे. देवळातील प्रसाद आपण हातावर घेऊन कपाळाला लावतो, तोच हा भाव. ज्यांच्या जिवावर हे अन्न झाले त्यांचे ऋण या शब्दाने मान्य होते, असे तेथील लोक मुलांना शिकवितात. यावर कोणी म्हणेल, हा तर स्वस्त सौदा झाला; हात जोडले आणि ऋण फिटले! नेमकी येथेच कायद्याची जाण उपयोगी पडते. आपल्या १९६३ च्या मुदतीच्या कायद्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे, ऋणकोने मुदतीच्या आत लेखी कबुली दिली तर ऋण फिटत नाही. उलट त्या दिवसापासून त्याची मुदत नव्याने सुरू होते. कबुली देणारा सुटत नाही, तो नव्याने बांधला जातो. तोंडी कबुली कायद्याला पुरत नाही. नीतीला ती पुरली पाहिजे. जो दिवसातून दोनदा हात जोडून ऋण कबूल करतो, त्याचे ऋण दिवसातून दोनदा ताजे होते. तो शब्द उच्चारून मग पानात अन्न टाकणारा, किंवा स्वस्त मिळते म्हणून पिंजऱ्याकडे पाठ फिरविणारा, स्वतःच्या कबुलीनेच दोषी ठरतो.

जपानी बौद्ध मठांत जे निरामिष अन्न शिजते, ज्यात अंडेही नसते, त्याला 'शोजिन' म्हणतात. तो शब्द आपल्या 'वीर्य' या संस्कृत शब्दाचा चिनी अनुवाद आहे. वीर्य म्हणजे येथे उद्यम, नेटाचा प्रयत्न. बोधिसत्त्वाच्या सहा पारमितांपैकी एक. निरामिष आहाराला त्यांनी 'शुद्ध' म्हटले नाही, 'प्रयत्न' म्हटले, हे मला फार मोलाचे वाटते. तेराव्या शतकात दोगेन या आचार्याने १२३७ साली मठाच्या आचाऱ्यासाठी जे नियम लिहिले, त्यांत अन्नधान्य स्वतःच्या डोळ्यांप्रमाणे जपण्यास सांगितले आहे. शुद्धीचा अभिमान धरता येतो. प्रयत्नाचा अभिमान धरला की प्रयत्न थांबतो.

तात्पर्य, अन्नाविषयी नीतीचा पहिला नियम पदार्थांच्या यादीचा नाही. दिलेला शब्द देणाऱ्या-घेणाऱ्याच्या अर्थाने पाळावा. खातो त्या वस्तूला तिच्या नावाने हाक मारावी. आणि ती कोणाच्या जिवावर आली हे विचारून ते ऋण कमी करण्याची खटपट रोज थोडी करावी. अंडे खाणाऱ्याने कोंबडीचा पिंजरा विचारावा, दूध पिणाऱ्याने वासरू विचारावे, आणि भात खाणाऱ्याने शेतकऱ्याला काय मिळाले ते विचारावे. ही चौकशी करणारा मनुष्य कोणत्याही पंक्तीला बसला तरी त्याच्या शेजारी बसण्यास मला संकोच वाटणार नाही. ज्याला आपल्या पानाबद्दल विचारण्यासारखे काहीच उरले नाही असे वाटते, त्याच्या पानात तुळशीचे पान असले तरी त्याची बाजू दुबळीच राहील.